चौदा नंबरची भाषा

सोमवार, २ सप्टेंबर

भाषेच्या वर्गातली मास्तरीण म्हणते, रोज घरी चार ओळी लिहा. कुठल्याही भाषेत लिहा, फक्त त्यात नवा शिकलेला एखादा शब्द आला पाहिजे. म्हणून हे लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी वर्गाबाहेर उभं राहण्यात गेली, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत. ठेवली तरी वाचणार कोण आहे इथे मराठी? लेक वाचेल. वाचू दे. तिच्याबद्दल जे लिहीन ते मी तिला तोंडावरही सांगते.

तर इथली भाषा स्पॅनिश. लेकीकडे आले ती नातीला सांभाळायला. आता नात बालवाडीत जायला लागली. लेक औषधाच्या दुकानात, जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. दिवसभर घरात मी आणि फ्रीज. दोघंही आपापल्या कोपऱ्यात घुं घुं करतो. लेक म्हणते, "आई, तुला काय कमी आहे? बस ना आरामात." कमी काही नाही, हेच तर कमी आहे. नवरा गेल्यावर इस्त्रीचं दुकान एकटीने चालवलेली बाई मी. मला शोकेसमध्ये बसवून काय मिळणार हिला?

वर्गात एक स्वयंपाकी येतो, मोठ्या हॉटेलात असतो. तिथल्या धुलाईखान्यात इस्त्रीला बाई पाहिजे. लेकीने त्याच्याशी फोनवर बोलून सगळं विचारून घेतलं. महिनाभर कामावर बघणार, जमलं तर ठेवणार. अट एकच, उशीर चालणार नाही. हॉटेल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. चौदा नंबरची बस, मग मेट्रो, मग पायी.

हे जमलं तर मी इथे राहणार. नाही जमलं तर परत, भावाकडे. तिथे भावजय आहे. भावजय स्वभावाने फार चांगली आहे. म्हणून तर तिथे जाववत नाही.

आजचा धडा शहरातल्या प्रवासाचा होता, देव पावला. आणि माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ही भाषा आपलीच आहे, यांनी बोलून बोलून बिघडवली आहे. 'आ पिए' म्हणजे काय, तर पायी! 'सेर्का' म्हणजे जवळ. आता बाकावर कोणी सरका म्हटलं की माणसं जवळच येतात ना? 'बाहार' म्हणजे उतरणं. उतरलं की माणूस बाहेरच असतो. आणि बस आली याला म्हणतात 'येगा'. अरे, ये गा! मास्तरणीला हे सांगायचं होतं, पण ते सांगण्यापुरती भाषा अजून यायची आहे.

मंगळवार, ३ सप्टेंबर

लेक म्हणते रविवारी सुट्टी आहे, मी तुला रस्ता दाखवते, तोवर एकटी कुठे जाऊ नकोस. रविवारपर्यंत तिथे दुसरी बाई लागून जाईल. हिला घाई म्हणून माहीतच नाही. सातव्या महिन्यात जन्माला येऊन अशी कशी निघाली कोण जाणे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

एकटी गेले. लिहून टाकते म्हणजे मोकळी होईन.

सकाळची गर्दी ओसरल्यावर चौदा नंबरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. बस आली. सगळे उतरले, चढलं कोणीच नाही. आत दिवे बंद. मी दारात उभी राहून तोंडपाठ केलेलं वाक्य म्हटलं, की ही बस मेट्रोला जाते का. ड्रायव्हर पिकल्या मिशांचा. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला आणि म्हणाला, "या, या!"

आता मला सांगा. कोणी आदबीने 'या, या' म्हटल्यावर माणूस काय करेल? मी चढले. मनात म्हटलं, काय संस्कार आहेत! आपल्याकडे ड्रायव्हर 'चल चढ लवकर' म्हणतो. मागच्या बाजूला खिडकीशी जाऊन बसले. दुसरं कोणी चढलं नाही याचा आनंदच वाटला. ड्रायव्हर कानात काहीतरी घालून गाणं गुणगुणत निघाला.

वळणावर वळणं झाली. मग बस एका मोठ्या छपराखाली शिरली आणि चारी बाजूंनी पाणी सुरू झालं. म्हाताऱ्या हत्तीच्या पायाएवढाले झाडू येऊन काचांवर गरगर फिरायला लागले. फेस, पाणी, पुन्हा फेस. मला वाटलं, काय टापटीप आहे, माणसं आत बसलेली असतानाच धुऊन घेतात! एक खिडकी थोडी उघडी होती, तिथून माझ्या अंगावर यायला लागलं तेव्हा मी उठून ओरडले. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि तो माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला.

डेपोतल्या लोकांनी खुर्ची दिली, टॉवेल दिला, काहीतरी गरम प्यायला दिलं. माझ्या पिशवीतल्या कागदावर लेकीचा नंबर होता, तो लावला. लेक दुकान सोडून आली. येताना चेहरा असा, की मला परत त्या झाडूंच्या मध्ये जाऊन बसावंसं वाटलं.

पिकल्या मिशांचा मात्र भला माणूस. जाताना पुन्हा "या, या" करत होता. मी नाही गेले.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

नातीने तेवढं विचारलं, "आजी, तू बसबरोबर आंघोळ केलीस?"

जावई दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यांतले सहा आज माझ्यावर खर्च केले. म्हणाले, "आई, इथे 'या' म्हणजे 'झालं, पुरे'." म्हणजे तो मला सांगत होता की बस संपली! मी विचारलं, मग हाताने बोलावलं कशाला? जावयांनी तोच हात करून दाखवला. पंजा खाली, बोटं हलवायची. आपल्याकडे याला 'इकडे या' म्हणतात, इथे याला 'जा आता' म्हणतात. धन्य आहे! एकाच हाताने बोलावतात आणि हाकलतात.

लेक मग बोलली. आवाज न चढवता बोलली, ते जास्त लागलं. "आई, दुकानात माझी अर्धी पाळी गेली. मालक काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी बोलेल. नोकरी करायची तर कर. मी अडवत नाही. पण एकटीने जायचं, एकटीने यायचं. पुन्हा एकदा जरी मला शोधायला यावं लागलं, तर ते काम बंद. बोल, कबूल?"

"कबूल," म्हटलं.

"मग मी तुझं तिकीट काढीन, मामाकडे जायचं."

"काढ की. मी काय भिते?"

भिते. पण ते इथे लिहिण्यापुरतं.

रविवार, ८ सप्टेंबर

लेकीला ताप, म्हणून जावई घेऊन गेले रस्ता दाखवायला. बरोबर नात. जाताना ते बोलले नाहीत, येताना मी बोलू दिलं नाही. बसला मेट्रोपर्यंत सात स्टॉप. मग जमिनीखाली. मेट्रोत नकाशावर निळी रेघ. तिसऱ्या स्टेशनला उतरून वर आलं की एक मोठं कारंजं, तिथून सरळ, मग हॉटेलचं मागचं दार.

फौजदारीण तिथेच होती. धुलाईखान्याची प्रमुख. नाव लांबलचक आहे, मी फौजदारीणच म्हणणार. कमरेला किल्ल्या, केस मानेपर्यंत कापलेले, डोळे असे की चादरीवरची सुरकुती घाबरून आपणहून जाईल. तिने मला एक उशीचा अभ्रा दिला. मी करून दाखवला. तिने उलटा केला, सुलटा केला, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या घड्याळावर बोट आपटलं. जावई म्हणाले, "उद्यापासून." मला कळलंच होतं. घड्याळ सगळ्या भाषांत सारखंच असतं.

सोमवार, ९ सप्टेंबर

गेले! आणि आले! एकटी!

बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. स्टॉप आला की बोटावर मोजत होते. मागच्या सीटवर एक टोपीवाला होता, गळ्याशी गळपट्टा गुंडाळून, काळा चष्मा लावून. आजारी असावा बिचारा. मेट्रोतही तो त्याच डब्यात होता, दुसऱ्या टोकाला. म्हटलं, यालाही तिकडेच काम असेल.

लेकीने दार उघडलं तेव्हा मी काही बोलले नाही, नुसती पिशवी टेबलावर ठेवली. तिने विचारलं, "कसं गेलं?" मी म्हटलं, "कसं जाणार? पायी, बसने आणि जमिनीखालून."

तरी तिने दोनदा विचारलं. कोणी भेटलं का, कोणी त्रास दिला का. मी म्हटलं, मला कोण त्रास देतंय? आपल्या आईला ओळखत नाहीस का?

जावई आज कामावर उशिरा पोचले म्हणे. सकाळी माझ्याआधी घर सोडून गेले आणि तरी उशीर. चालतात तरी कसे, देव जाणे.

मंगळवार, १० सप्टेंबर

चादरी, चादरी, चादरी. पाय दुखतात. छान वाटतं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज सरळ जायचं ते मी उजवीकडे गेले. चूक माझी नाही, या भाषेची आहे. कारंज्याशी आज खोदकाम होतं, रस्ता फिरवलेला. मी एका फुलवाल्या बाईला विचारलं, "दोंदे एस्ता ओतेल?" 'दोंदे' म्हणजे कुठे. हा शब्द मी आमच्या यांच्या दोंदावरून लक्षात ठेवलाय, कुठेही बसले तरी आधी ते दिसायचं. ती म्हणाली, "देरेचो, देरेचो." मी उजवीकडे वळले.

आता ऐका. 'देरेचा' म्हणजे उजवीकडे. 'देरेचो' म्हणजे सरळ. चा आणि चो! आपल्याकडे कोणी 'रामाचा' म्हणतं, कोणी 'रामाचो' म्हणतं, म्हणून राम काय वेगळा होतो? मी आपली दोन्ही एकाच माणसाचं समजून चालत राहिले. बरंच गेले. दुकानं संपली, नुसत्या भिंती लागल्या. घड्याळ बघितलं, फौजदारीण डोळ्यांपुढे आली, मग तिकीट, मग भावजय दारात हसत उभी.

तेवढ्यात तीच फुलवाली धावत आली, पदराला… नाही, ॲप्रनला हात पुसत. माझा हात धरला आणि मला पार कारंज्यापर्यंत परत आणून सरळ रस्त्यावर लावलं. किती चौकस बाई! स्वतःचं दुकान सोडून धावली. तिच्या दुकानाशी तो टोपीवाला उभा होता, बुटाची नाडी बांधत. दरवेळी याची नाडी सुटते. जावयांच्याही बुटाला तसल्याच निळ्या नाड्या आहेत. एकाच दुकानातला खराब माल दिसतो.

वेळेवर पोचले. घड्याळाचा काटा आणि मी बरोबर.

शनिवार, १४ सप्टेंबर

वर्गात मास्तरणीने विचारलं, तू कामाला कशी जातेस. मी पूर्ण वाक्य म्हटलं: मी बसने जाते, मेट्रोने जाते, पायी जाते, एकटी जाते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाक्याने तर शिट्टी मारली. आचरट मेला. पण बरं वाटलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

घरात काहीतरी शिजतंय. जावयांच्या साहेबाने त्यांना झापलंय, रोजच्या उशिराबद्दल. लेक आणि जावई स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी गेले तशी गप्प. मी म्हटलं, "जावईबापू, राग मानू नका, पण मी या वयात एकटी, भाषा न येता, शहर ओलांडून वेळेवर पोचते. आणि तुम्ही?" जावयांनी मान खाली घातली. लेक म्हणाली, "आई, पुरे." मी म्हटलं, "या, या." कोणी हसलं नाही.

आणि हे लिहून ठेवते. तो टोपीवाला आता मला बरोबर वाटत नाही. मी बसमध्ये चढले की चढतो. मी उतरले की उतरतो. आज मी मुद्दाम एका दुकानाच्या काचेपाशी थांबले, तर तोही थांबला आणि कचऱ्याच्या डब्याकडे बघत बसला. कचऱ्याच्या डब्यात माणूस काय बघतो? माझ्या पिशवीवर डोळा असणार. पिशवीत डबा आणि छत्री. पण त्याला काय माहीत? मी माझा चष्मा लावला असता तर थोबाड नीट बघून ठेवलं असतं. पण चष्मा लावला की नाक खाजतं.

लेकीला सांगणार नाही. सांगितलं तर म्हणेल काम बंद.

बुधवार, १८ सप्टेंबर, दुपारी

रागही येतोय. हसू पण येतंय. कुठून सुरू करू?

सकाळी बसमध्ये गर्दी होती. टोपीवाल्याला मागे जागा मिळाली नाही. तो ढकलला जाऊन माझ्या अगदी मागे येऊन उभा राहिला. बसने ब्रेक मारला आणि त्याचा हात माझ्या पिशवीवर. बस! मी उठले, पदर नव्हता तर ओढणी खोचली आणि छत्री काढून घातली त्याच्या डोक्यात. एक. दोन. तोंडाने ओरडत होते, "बाहा! बाहा!" म्हणजे उतर, उतर. वर्गात शिकलेलं पहिल्यांदा इतकं उपयोगी पडलं. सगळी बस माझ्या बाजूने. एक म्हातारी उठून त्याला काठीने ढोसायला लागली. ड्रायव्हरने बस थांबवली, दार उघडलं. टोपी खाली पडली. चष्मा उडाला.

"आई, आई, मी आहे हो! मारू नका!"

मराठी. स्वच्छ मराठी.

जावई!

म्हातारी काठी तशीच धरून उभी. मी छत्री तशीच धरून उभी. जावई एका हाताने डोकं धरून, दुसऱ्या हाताने टोपी शोधत. मला एकच सुचलं. मी सगळ्या बसला सांगितलं, "मी फामिलिया." माझं कुटुंब आहे. म्हातारी म्हणाली "आssह," आणि तिने जावयांना आणखी एकदा ढोसलं. तिलाही असाच एखादा जावई असावा.

मी त्यांना तिथेच उतरवलं आणि म्हटलं, "कामावर जा आधी. संध्याकाळी बघते."

काम कसं झालं विचारू नका. फौजदारणीने मला बाजूला घेऊन पाणी दिलं. तिला वाटलं माझं कोणी गेलं.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

जावयांच्या कपाळावर टेंगूळ. लेक त्यावर बर्फ धरून बसली होती. मला बघून तिने आधीच सुरुवात केली.

"आई, मीच पाठवलं त्यांना."

"म्हणजे मी एकटी गेलेच नाही."

"आई, अगं…"

"एक दिवससुद्धा नाही."

"तू त्या डेपोत, ओल्या अंगाने, खुर्चीत बसली होतीस ना… मी तुला लांबून बघितलं. इतकीशी दिसत होतीस. मला ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही." आणि रडायला लागली. रागाने रडत असेल. लहानपणापासून तिचं असंच, राग आला की डोळ्यांत पाणी.

मी जावयांना विचारलं, "आणि ती फुलवाली?"

"मी सांगितलं तिला," ते म्हणाले. "म्हटलं, माझ्या आईला सरळ रस्त्यावर लावा."

'सासूबाईंना' म्हणायला लागणारा शब्द त्यांना त्या वेळी आठवला नसेल.

मी म्हटलं, उद्या कोणी माझ्यामागे आलं तर छत्रीचं दुसरं टोक वापरीन, त्याला लोखंडी टोपण आहे. लेक म्हणाली, "आणि हरवलीस तर?" मी म्हटलं, "तर तुझी अट आहेच. काढ तिकीट."

तिने उठून आपला जुना फोन माझ्या पिशवीत टाकला. जावई गप्प. त्यांचं एक बरं आहे, त्यांच्या गप्प बसण्याचा कोणाला संशय येत नाही.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आज निघताना मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर लेक गॅलरीत दिसली असती. ती तिथे होती हे मला पाठीला कळत होतं.

बसमध्ये मागची सीट रिकामी. चांगलं वाटायला पाहिजे होतं. आजवर मी सात स्टॉप मोजत होते, आज मोजताना चार झाले की पाच तेच कळेना. तरी मेट्रो आली ती ओळखली, बाहेरच्या निळ्या पाटीवरून.

आणि मेट्रोला जाळी लावलेली! दाराशी माणसांचा घोळका, कर्ण्यातून कोणीतरी बोलतंय, घशात वाळू भरल्यासारखं. मला त्यातलं 'मेत्रो' आणि 'नो' एवढंच कळलं. तेवढं पुरलं. दुष्काळात तेरावा महिना.

खरं सांगते, मी फोन हातात घेतला होता. लेकीचा नंबर काढला होता. मग परत पिशवीत टाकला.

एक गणवेशातला पोरगेलासा माणूस लोकांना हात दाखवत होता. मी घुसले. रांग वगैरे होती, पण मला वेळ नव्हता. विचारलं, "ओतेल. त्राबाहो. ओतोबुस?" हॉटेल, काम, बस. तो भडाभडा बोलला. मी म्हटलं, "हळू." मराठीत म्हटलं, पण चेहऱ्यावरून त्याला समजलं. मग त्याने एकेक शब्द सुटा केला. सरळ जा. पांढरी बस. देरेचो.

मी त्याच्या तोंडाजवळ बोट नेलं. "चा की चो?"

तो म्हणाला, "चो."

मी ओठांचा चंबू करून दाखवला. "चोss?"

त्याने पण चंबू केला. "चोss!" मागच्या रांगेतल्या दोघांनी पण केला. मी सरळ गेले.

पांढऱ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या कानाशी दर स्टॉपला 'ओतेल?' म्हणत राहिले. आधी तो 'नो' म्हणायचा, मग नुसती मान हलवायचा, शेवटी मी तोंड उघडण्याआधीच हात वर करायला लागला. पण कारंज्याशी स्वतः बस थांबवून, मागे वळून, सगळ्यांदेखत म्हणाला, "ओतेल!" सुटका झाल्याचा आनंद कोणाला जास्त होता, सांगता येणार नाही.

धावत गेले. मागचं दार गाठलं. घड्याळ बघितलं. उशीर झाला होता. चांगलाच. आत इस्त्रीच्या टेबलांवर एकही बाई नाही. फौजदारीण पण नाही. मी ॲप्रन चढवला, इस्त्री लावली आणि पहिली चादर घेतली. म्हटलं, काढायचं तर काढतील, पण हात रिकामे दिसता कामा नयेत.

दुसरी चादर अर्धी झाली तेव्हा दार उघडलं. फौजदारीण! धापा टाकत, घामाने लालबुंद, एका हातात बूट. तीसुद्धा मेट्रोनेच येते ना. माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं.

माझी जीभ कधी ऐकते का? मी इस्त्री खाली ठेवली, घड्याळाकडे बोट केलं आणि म्हटलं, "तार्दे." उशीर.

क्षणभर वाटलं, आता गेली नोकरी. मग ती जी हसायला लागली, ती बूट हातात धरून खुर्चीत बसली आणि हसतच राहिली. मला काय इतकं हसण्यासारखं होतं कळलं नाही. उशीर तर झालाच होता तिला.

संध्याकाळी लेकीने दार उघडायच्या आधीच मी किल्लीने उघडलं. ती सोफ्यावर बसली होती, फोन हातात, जोडे घातलेले.

"मेट्रो बंद होती," ती म्हणाली.

"होती," मी म्हटलं. "मग?"

तिने जोडे काढले.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

महिना भरायच्या आधीच ठेवलं. फौजदारणीने माझ्या नावाची पट्टी दिली, ॲप्रनला लावायची. नाव चुकीचं लिहिलंय. मी दुरुस्त करणार नाही, तिने तरी माझं नाव कुठे नीट शिकायचं? मी तिचं शिकले नाही.

जावयांना नवीन टोपी घेतली. जुनीवर छत्रीची खूण पडलीय. त्यांनी लगेच घातली, घरात.

रविवार, २९ सप्टेंबर

सुट्टी. जावई नातीला पोहायला घेऊन गेले. मी चप्पल घातली तशी लेकीने विचारलं, कुठे? म्हटलं, बस जाईल तिकडे. रोज नेमकी सातव्या स्टॉपला उतरते. पुढे काय आहे ते बघायचंय मला.

"मी येऊ?"

"ये. पण तोंड बंद ठेवायचं. सगळं मी विचारणार."

आली. खिडकी मी घेतली. मेट्रोचा स्टॉप मागे पडला, मग बाजार, मग एक पूल, मग घरं लहान होत गेली आणि झाडं मोठी. लेकीला म्हटलं, ते बघ, केवढी बाग. उत्तर नाही. बघितलं तर माझ्या खांद्यावर झोपलेली, तोंड उघडं टाकून. लहानपणी झोपायची तशी. हिला आठवडाभर उभंच राहावं लागतं दुकानात.

शेवटचा स्टॉप आला. सगळे उतरले. ड्रायव्हर उठून आला आणि म्हणाला, झालं, उतरा. मी ओठांवर बोट ठेवलं. मग त्याला सांगायला शब्द शोधले. काल वर्गात मास्तरणीने दोन जुळे शब्द दिलेत, दमलेली बाई आणि लग्न झालेली बाई. फरक एका 'न'चा, 'न' आहे ती दमलेली. मी चांगले घोटून ठेवलेत. ऐटीत म्हटलं, "मी इहा. कासादा. मूय, मूय कासादा." माझी मुलगी. फार, फार दमलीय.

ड्रायव्हरने लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हात वर करून बोटातली अंगठी दाखवली आणि म्हणाला, "यो ताम्बिएन." मी पण. लांब सुस्कारा सोडला आणि परत जाऊन बसला. दमण्याचा आणि अंगठीचा काय संबंध? पण भला माणूस. इंजिन बंद केलं, दिवा विझवला आणि थांबला. निघायची वेळ झाली तेव्हा बस इतकी हळू काढली की लेकीची मानसुद्धा हलली नाही.

परतीची सगळी वाट ती झोपलेली. माझा खांदा मुंग्यांनी भरून गेला. पूल गेला, बाजार गेला. कुठे चाललोय, किती वेळ लागेल, उतरायचं कुठे, एका शब्दाने विचारलं नाही पोरीने. इतकी बेफिकीर कधीपासून झाली ही?